पिवळा म्हणजे लगेच

"पावणं, तुमी करता काय?" कळंबहून स्थळ बघायला आलेल्या दत्तोबांनी खुर्चीत बसता बसता विचारलं.

"भाषा करतोय," नागेश म्हणाला.

"नवी कशाला? आपली बरी चाललीया की."

भाषा कॉम्प्युटरची होती. बारामतीत एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत नागेशचा रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर होता, आणि सगळं जग जे कंस नि स्वल्पविराम लावून साधतं, ते तो नुसत्या रंगांवर साधणार होता. कल्पना घरचीच. लहानपणी कन्हेरीच्या माळावर त्यांची मेंढरं चरत. पाठीवर गेरू असेल ती आपली, निळा असेल ती चुलत्याची. मेंढराला कोणी नाव विचारत नसे. पुढं मेंढरं गेली, ऊस आला. पण पडदा उजळला की नागेशला काळ्या माळावर रंगीत शब्द चरताना दिसत, आणि त्याचा चहा गार होई. लाल शब्द म्हणजे नवं नाव ठेवलं. पिवळा म्हणजे लगेच कर. पांढरा म्हणजे आपलं आपल्याशी बोलणं. त्याच्याकडे कॉम्प्युटर ढुंकूनही बघत नसे. नागेशच्या प्रोग्रामात पांढरं फार होतं.

थोरामोठ्यांत लग्न ठरत आलं होतं. मुलाचा धंदा डोळ्यांनी दिसला पाहिजे, एवढ्यावर अडलं होतं. दत्तोबांनी मुलीलाही बरोबर आणलं होतं, कारण बारामतीत तिला चपला घ्यायच्या होत्या. वैष्णवी दाराशी उभी होती. नागेशनं तिला पूर्वी एसटी स्टँडवर लांबून पाहिलं होतं आणि त्यावर बरंच पांढरं लिहिलं होतं.

दाखवायला म्हणून त्यानं पडद्यावर डाळजकडचं उजनी धरणाचं पाणी काढलं होतं. पाण्यात गुलाबी रोहित पक्षी, 'उडा' म्हटलं की उडणारे. तो हुकूम देणार, एवढ्यात त्याच्या वडलांना, सोनबांना, राहवलं नाही.

"चांगल्या कामाला देवाचं नाव नगं व्हय?" म्हणत त्यांनी पिशवीतून मूठभर भंडारा काढला नि उधळला.

चालू पडदा धूळ ओढतो हे नागेशला ठाऊक होतं. हळद किती ओढतो, ते आज कळलं. सगळी काच पिवळी झाली. त्यानं ओल्या फडक्यानं पुसली, तेव्हा ती पक्की पिवळी झाली.

"आता कसं भरल्यावानी दिसतंय," सोनबा म्हणाले.

पांढरं कुठलं नि पिवळं कुठलं, काही उमगेना. नागेशनं 'उडा' लिहिलं. ते पांढऱ्यात गेलं असावं. पक्षी हलले नाहीत.

"झोपल्यात का?" दत्तोबांनी विचारलं.

"उडतील, मामा."

"आमच्याकडं नुसतं खाकरलं तरी उडत्यात."

नागेशनं घाईनं त्या ओळीवर रंग बदलायची कळ दाबली, पण ओळ चुकली. दाबली गेली ती खालची. तिथं लिहिलं होतं, 'वैष्णवी हे पक्षी बघायला येईल का.' पांढऱ्यात सुखानं पडून असलेलं हे वाक्य पिवळं झालं, आणि कॉम्प्युटर ताबडतोब कामाला लागला. पहिलाच शब्द त्याला येत नव्हता. न येणारा शब्द तसाच परत लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकायचं, एवढी त्याची अक्कल. पडद्यावर उमटलं:

वैष्णवी ?

भिंतीपलीकडे झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.

"ह्यो तिला काय इचारतोय?" दत्तोबा म्हणाले.

वैष्णवी दारातून पुढं आली. "तात्या, तुमी ठरवलं, आत्यानं ठरवलं, सोनबामामांनी ठरवलं. मला इचारणारा ह्यो पयलाच."

"मग सांग की त्याला."

तिनं वाकून कळांवरची अक्षरं एकेक शोधली आणि लिहिलं, 'व्हय'. रंग अजून पिवळाच होता. कॉम्प्युटरला हाही शब्द येत नव्हता.

व्हय ?

"बगा सोनबाराव," दत्तोबा मान डोलावत म्हणाले, "पुन्यांदा इचारून घेतोय. काम जबाबदारीचं हाय."

नागेशनं तोंड उघडलं. न समजलेल्या कुठल्याही शब्दाला कॉम्प्युटर हेच म्हणतो, उद्या म्हशीलाही म्हणेल, हे सांगणं शास्त्राला धरून झालं असतं. पण वैष्णवी परत वाकून तेच लिहीत होती, या खेपेला कळा जरा जोरात दाबत.

त्यानं तोंड मिटलं.