सोपानतात्यांची पन्नासची लेन्स

दिवाळीनंतर सोपानतात्या पुण्याला गेले आणि अगदी जवळून फोटो काढायची, पन्नास मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेऊन बारामतीला परतले. ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. त्याआधी कित्येक वर्षं ते येईल त्याला शंभरचीच घेणार म्हणून सांगत होते.

तात्यांचा स्टुडिओ भिगवण रस्त्याला होता. मी एका दैनिकाला बातम्या पाठवायचो आणि रोल धुवायला त्यांच्याकडे द्यायचो. स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "फोकस जमला न्हाय."

जवळून फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी, असं विचारणाऱ्याला त्यांचा प्रश्न ठरलेला होता.

"जिवंत हाय, का कागद?"

एकदा इंदापूरकडचे शेतीचे एक प्राध्यापक आले. त्यांना उसावरच्या किडींचे फोटो काढायचे होते. "कुठली लेन्स जास्त मोठं करते?" त्यांनी विचारलं.

"सर, पन्नासची घ्या नायतर शंभरची. मागं नळी लावली की दोन्ही एकास एक जात्यात. ज्वारीचा दाणा फिल्मवर दाण्याएवढाच उतरतो. त्यात डावंउजवं न्हाय."

"मग फरक कसला?"

"अंतराचा." तात्या उठले आणि त्यांनी आपलं नाक प्राध्यापकांच्या नाकापाशी नेलं. प्राध्यापक खुर्चीसकट मागं सरकले. "ही पन्नासची. बुजला का न्हाय? कागद बुजत न्हाय, किडा तर उडूनच जाणार. वर आपल्याच डोक्याची सावली त्याच्यावर." मग ते दारापर्यंत मागं गेले आणि तिथून ओरडले, "ही शंभरची! आता बसा निवांत!"

माणसांनाही त्यांनी लेन्स वाटून दिल्या होत्या. लहान लेकरू पन्नासचं, नाकाशी गेलं तरी हसतं. नवरदेव शंभरचा. नवरदेवाची आई दोनशेची. माझी कोणती, असं मी विचारलं.

"पत्रकाराला लेन्स लागत न्हाय. तुमाला बघून लोक आपणहून फोकसमंदी येत्यात."

स्वतः तात्यांना काटेवाडीच्या कालव्यावर भिरभिरणारे चतुर किडे टिपायचे होते, डोळ्यांतल्या जाळीसकट. त्यासाठी शंभरची. म्हणून काउंटरवर पन्नासची पाहिली तेव्हा मी विचारलं, "तात्या, चतुरांचं काय?"

"उडू द्या त्यास्नी."

"मग ही कशाला?"

"कागद हाय," ते म्हणाले आणि त्यांनी एक जुना फोटो पुढं केला.

सणसरच्या एका घरातून तो कॉपी करायला आला होता. नव्या विहिरीची पूजा, फेटे बांधलेली माणसं. घरच्यांना त्यातले पूजेला बसलेले आजोबा मोठे करून हवे होते. तात्यांचं बोट मात्र फोटोच्या कडेला होतं. तिथं मागच्या माळावर मेंढरं होती आणि काठीला टेकून उभा असलेला एक माणूस. मोहरीएवढा.

तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. ती विहीर खणली त्या साली त्यांचा कळप सणसरच्या माळावर होता, एवढं तात्यांना आत्यानं सांगितलेलं होतं. पुढं कोकणात कळप नेला असताना ते तापानं गेले. तात्या तेव्हा रांगत होते. वडिलांचा फोटो कधी निघाला नव्हता. "तोंड कसं होतं त्ये मला ठावं न्हाय," तात्या म्हणाले.

त्यांनी लेन्समागं नळी बसवली, कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बांधला आणि मोहरी फिल्मवर मोहरीएवढी घेतली. मग तिचा भिंतीवर लावण्याएवढा प्रिंट केला. चेहऱ्याच्या जागी करडे ठिपके आले.

गिऱ्हाइकांना तात्या नेहमी सांगत, "लेन्स हाय त्येच मोठं करती. न्हाय त्ये आणत न्हाय." त्या आठवड्यात त्यांनी प्रिंट आणखी मोठा केला. ठिपके मोठे झाले. तो प्रिंट त्यांनी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीला लावला.

काही दिवसांनी सणसरहून आत्या आली. मी तिथंच होतो. ती उंबऱ्यातच थांबली.

"आत ये की, आत्या."

"थांब जरा." ती भिंतीकडं बघत होती. मीही उठून तिच्याशेजारी गेलो. तिथून ठिपके दिसत नव्हते. काठी दिसत होती, काठीवर टेकलेली हनुवटी, एका पायावर दुसरा पाय. "दादा हाय ह्यो," आत्या म्हणाली.

"सगळेच मेंढके असं उभं ऱ्हात्यात, आत्या."

"ऱ्हाऊ द्यात की. ह्यो दादा हाय."

"पुढं येऊन नीट बघ."

ती चार पावलं पुढं आली आणि पुन्हा मागं उंबऱ्यात गेली. "पुढं आल्यावर जातोय त्यो."

तात्यांनी चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी मी रोल द्यायला गेलो, तेव्हा त्या फोटोला हार होता.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनसाठीच ती बारामतीला आली होती. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी सुटली त्या दिवशी तात्यांनी तिला स्टुडिओत न आणता दवाखान्यातून थेट एसटी स्टँडवर नेलं आणि सणसरच्या एसटीत बसवून दिलं.