काज-बटण बाकी

टेलरमास्तरांकडून कोट सांगितलेल्या दिवशी मिळाला, असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. पण या वेळी नवलच झालं. कोट शिवून आठवडा झाला होता, तरी मिळत नव्हते, कारण ते भिंतीवर होते.

मास्तर गाणी रचत आणि गातही. गेल्या वर्षी रेडिओच्या स्पर्धेला पाठवलेलं त्यांचं गाणं परत आलं, सोबत एक ओळ घेऊन: 'आवाज चांगला, पण विहिरीतून आल्यासारखा वाटतो.' ती ओळ मास्तरांच्या जिव्हारी लागली. स्टुडिओ परवडणारा नव्हता. मग त्यांनी जुन्या बाजारातून एक माइक पैदा केला आणि दुकानामागच्या खोलीत गिऱ्हाइकांचे जाडजूड कोट चारी भिंतींना टांगले. घुमणं एकदम बंद! मास्तर स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडले आणि एकेक ओळ दहादा घोटत बसले. बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहापर्यंत गाणं गेलं नाही, तर पुन्हा वर्षभर थांबणं आलं.

पाच वाजता वकीलसाहेब आले.

"माझा कोट?"

"काज-बटण बाकी आहे, साहेब."

"मंगळवारीही तेच बाकी होतं. आज कोट घेतल्याशिवाय हलत नाही." आणि ते बाकावर बसले.

पाठोपाठ शाळेच्या मोठ्या बाई ओव्हरकोटासाठी आल्या. काज-बटण ऐकून त्याही बसल्या. साडेपाचला नवरदेव धापा टाकत आला. "मास्तर, सातला माझं लग्न आहे हो!"

मास्तर आत सटकले. आत बायको एका सदऱ्याला काजं करत होती.

"देऊन टाका ना त्यांचे कोट," ती म्हणाली.

"तेवढेच उरलेत गं! बाकीचे लोक घेऊन गेले. हेही गेले की मी पडलो पुन्हा विहिरीत."

"खोटं तरी किती बोलाल? आणि त्या नवरदेवाची बटणं तुम्ही गाण्याच्या नादात दोन टाक्यांत उरकलीत, ती मी बघितली आहेत."

मास्तरांचं लक्ष कुठे होतं! त्यांना भलतंच सुचलं होतं. त्यांनी तिघांना आत बोलावलं आणि ज्याचा कोट त्याच्या अंगात चढवला.

"फिटिंग बघायचंय. पोट आत, हात खाली. हलायचं नाही."

न्यायाधीशासमोर न ऐकणारा माणूसही शिंप्यासमोर खांबासारखा उभा राहतो. मास्तरांनी तिघांना माइकभोवती दाटीवाटीनं उभं केलं.

"हे काय आहे?" नवरदेवानं विचारलं.

"माप घ्यायचं नवं यंत्र."

"आणि तुम्ही गाणार कशाला?" बाईंनी भुवया चढवल्या.

"गाणं ऐकताना श्वास एकसारखा राहतो, बाई. त्याशिवाय कोट बसला की नाही ते कळत नाही. आता चूप!"

मास्तर गाऊ लागले आणि काय गायले! वकिलांनी तर डोळे मिटले. नवरदेवाचे मात्र हाल होते. आठ दिवस केळवणं झोडलेलं पोट आत ओढून तो तीन मिनिटं उभा होता, चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला होता. मास्तरांनी शेवटचा सूर लावला, सोडला, आणि त्याच क्षणी नवरदेवाचं पोट सुटलं. पितळी बटण उडालं ते थेट माइकवर.

टण्ण!

सहाला चार मिनिटं कमी होती. पुन्हा गायला वेळ नव्हता. मास्तरांनी देवाचं नाव घेऊन गाणं तसंच मोबाइलवरून पाठवून दिलं. बायकोनं नवरदेवाच्या अंगावरच बटण आठ टाक्यांनी पक्कं केलं.

"बघा," ती गोड आवाजात म्हणाली, "बटण खरंच बाकी होतं."

चौथ्या दिवशी रेडिओवाल्यांचा फोन आला. "मास्तर, पहिलं बक्षीस! आवाज सुंदरच, पण शेवटचा तो टणत्कार! परीक्षक खुळे झालेत. रविवारी इथे येऊन सगळ्यांसमोर गायचं. ते वाद्य आणि वादक घेऊन या."

मास्तरांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. नवरदेव बायकोला घेऊन फिरायला गेला होता, तो पंधरा दिवस येणार नव्हता. मास्तरांचं स्वतःचं पोट म्हणाल तर टेपच्या पट्टीसारखं सपाट.

मास्तरांच्या बायकोनं त्यांचा जुना कोट काढला, त्याला एक पितळी बटण लावलं आणि जन्मात पहिल्यांदाच दोन टाक्यांवर दोरा तोडला.

"चला, पानावर बसा," ती म्हणाली. "रविवारपर्यंत पोट सुटायला हवं."