रसाआधी आकाशगंगा

आमच्या प्रकाशा गावात छगनकाकांच्या गुऱ्हाळात रस फुकट मिळायचा. तसा तो सगळ्याच गुऱ्हाळांत मिळतो. आल्यागेल्याला रस नाकारू नये अशी रीतच आहे. पण काकांकडे आधी आकाशगंगेच्या पोटातल्या वायूविषयी ऐकून घ्यावं लागे.

याला कारण मी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शेजारच्या काकांना माझ्या शिक्षणाची भारी उत्सुकता. धुळ्याहून पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा मासिकात वाचलेलं सांगितलं : आकाशगंगेच्या मध्याजवळून वायू बाहेर वाहतो आहे, का ते शास्त्रज्ञांना नीट कळलेलं नाही. मलाही कळलं नव्हतं. काकांना लगेच कळलं.

"उकळी ऱ्हायनं ते," कढईच्या मध्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मझार उकळस, कडाले जास."

रस उतू जाऊ न देता गूळ उतरवणारा बुधा गुळव्या कढईतली मळी काढत होता. "काका, तठे गुळव्या कोन शे?"

"कोनीच नही. म्हनीसन तं उतू जाई ऱ्हायनं."

तो सगळा हंगाम गावाने वायू सोसला. माणसं तांब्या घेऊन येत, मान डोलावत आणि नजर चरकावर ठेवत. सखूआत्या एकदा म्हणाली, "छगनभाऊ, पोऱ्या रडी ऱ्हायना. आज रस दे, गॅस उधार ठेव."

काकांनी उधार ठेवला नाही. पोराला कडेवर घेऊन सगळं ऐकवलं. पोर झोपलं.

एकदा बुधा तंबाखू आणायला गेला आणि काका हात पसरून वायू कसा सुटतो ते दाखवत राहिले. कढई खरोखरच उतू गेली. पाहुणे पाय उचलून पळाले. काका खूश. "दखा," म्हणाले, "आसंच."

पुढे साखर कारखाना आला. काकांच्या मुलांनी सगळा ऊस तिकडे घातला, बुधा दुसरीकडे कामाला लागला, कढई पालथी पडली. काकू आधीच गेलेल्या. रस नाही म्हटल्यावर माणसंही येईनाशी झाली.

त्या वर्षी मी नवी बातमी आणली होती : मध्याजवळच्या त्या वायूत ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोडीचे रेणू सापडले होते. काका थंड चुलाणाच्या काठावर एकटेच बसलेले. मला एसटी गाठायची होती, म्हणून उभ्याउभ्याच सांगू लागलो. त्यांनी हात धरून खाली बसवलं. बांधावर उरलेला एक ऊस मोडून आणला, विळ्याने सोलला, एक कांडं माझ्या हातात दिलं.

"आधी हाई खा," ते म्हणाले. "मंग सांग. हयूहयू सांग, भाऊ."

बातमी दोन ओळींची होती. शेवटची एसटी निघून गेली तरी मी सांगतच होतो.