वासुदेवकाकांचा स्टुडिओ

कोणाच्याही घरात शिरले की आमचे शेजारी वासुदेवकाका आधी टाळी वाजवत. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून छताकडे बघत आणि म्हणत, "घुमून राहिलं गा!" बारशाला एकवेळ ठीक आहे हो, पण हा गृहस्थ एकदा दुखवट्याच्या घरीसुद्धा टाळी वाजवून आला!

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुना टेपरेकॉर्डर घेतला आणि समोरच्या खोलीत स्टुडिओ काढला. गांधीबागेतल्या कापडदुकानांतून चिंध्या आणल्या, पोत्यांत भरल्या, पोती भिंतींना ठोकली. दाराला सतरंजी. तरी घुमतच होतं. मग शेजाऱ्यांच्या रजया गेल्या. आमची ऐन थंडीत गेली.

"काका, पण रेकॉर्ड काय करणार?"

"आधी घुमणं तर थांबू दे!"

"गाणं का?"

"तुले काहून घाई गा?"

माझं डोकंच चालेना. काकांना गाता येत नव्हतं. सुमतीकाकूंनी तर बोलणंच टाकलं होतं. ओट्यावर बसत; हाक मारली तरी ओ देत नसत. फार शिष्ट झाल्या, असं आमची ही म्हणायची. मग आम्हीही बोलणं सोडलं.

एका रविवारी सकाळी मी तणतणत रजई मागायला गेलो. सतरंजी सारली, तर काका-काकू समोरासमोर, मध्ये टेपरेकॉर्डर. काका अगदी हळू म्हणत होते, "कालच्या वरणात मीठ नव्हतं वं."

"मग तीन वाट्या काहून ओरपल्या?" म्हणत काकू खळखळून हसल्या. मी चाटच पडलो! टेपरेकॉर्डरवर तर टेपही नव्हती.

काकांनी मला बाहेर ओढलं. "तिले कमी ऐकू येते गा. आवाज घुमला का शब्द एकात एक शिरतात. कोणी ओरडून बोललं तर रडत बसते. इथं मले ओरडा लागत नाही."

"मग टेपरेकॉर्डर?"

"आवाज तपासाले बोलत बस, असं सांगतो तिले. तिच्यासाठी खोली केली म्हटलं, तर पाय नाही टाकणार. लय मानी आहे."

मला माझीच लाज वाटली. आत गेलो. आमच्या रजईचा एक कोपरा सुटला होता, तो खिळ्यात अडकवला आणि हळूच म्हटलं, "काकू, मी दिनू."

"बाप्पा, दिनू!" काकूंचे डोळे भरून आले. "किती दिवसांनी बोलला गा माझ्याशी!"