भांगेचं बी आणि गणूभाऊ

आमच्या शेजारचे गणूभाऊ शितप गुन्हा करायच्या आधीच पोलीस चौकीवर जातात. फणसाची फांदी तोडायची असो की कुंपण दोन बोटं सरकवायचं असो, आधी जाऊन विचारणार, "हे कायद्यात बसतं ना?" एसटीत कंडक्टर होते. विनातिकीट माणसं पकडण्यात जन्म गेला. आता आपणच कुठे विनातिकीट नाही ना, ही धास्ती त्यांना एका जागी बसू देत नाही.

गेल्या वर्षी त्यांनी चौकीत विचारलं, "भांग लावायची तर परवानगी कोण देतो?"

हवालदार दुसऱ्याच दिवशी त्यांच्या परसात हजर. तिथे अंबाडी उभी होती. तिचं पान भांगेसारखंच, बोटं फुटलेलं. हवालदार बराच वेळ वाकून बघत राहिला आणि शेवटी एक जुडी भाजीला घेऊन गेला. पण आमच्या मालगुंड गावभर झालं की म्हातारा गांजाच्या धंद्यात उतरतोय.

गणूभाऊंना त्याची पर्वा नव्हती. माझ्या स्कूटरवर बसून ते रत्नागिरीला कृषी कार्यालयात गेले, तिथून उत्पादन शुल्कवाल्यांकडे, तिथून एका वकिलाकडे. मी जरा कुठे थांबलो की मागून खांद्यावर दोनदा टकटक, डबल बेल. वकिलाने नीट समजावलं. धाग्यासाठी किंवा बियांसाठी भांग लावू द्यायची की नाही, हे सरकार ठरवतं. उत्तराखंडात परवाना मिळतो, पण झाडात नशेचा अंश नावापुरताच हवा. आपल्याकडे तशी सोय नाही. नुसतं बी मात्र नशेत मोडत नाही. पाकीटबंद मागवा, खुशाल खा.

"म्हंजे खाल्लं तर अन्न," गणूभाऊ उभ्या उभ्याच म्हणाले. "आणि अंगणात सांडून रुजलं तर?"

"तर उपटून टाका."

झालं, त्यांची झोप उडाली. पाकीट आलं ते त्यांनी खिडक्या लावून, खाली चादर अंथरून फोडलं. एकही दाणा रुजायच्या लायकीचा राहू नये म्हणून सगळं बी दोनदा भाजलं. तरी रोज सकाळी अंगणात वाकून हिरवं काही उगवलंय का बघायचे. शेवटी मी विचारलंच, एवढा जीव कशासाठी जाळताय?

मग कळलं. सून हेमा अल्मोड्याची, तिकडे उत्तराखंडातली. मुलगा दिल्लीत हॉटेलात होता तेव्हा लग्न जमलं. आता तो मस्कतला आणि ती इथे सासऱ्यापाशी. तिचं मराठी जेमतेम, ह्यांचं हिंदी 'आगे सरको' एवढंच. दोन्ही वेळा दोघं गप्प जेवायची. एकदा मुळा चिरताना ती म्हणाली, आमच्याकडे ह्याच्याबरोबर भांगेच्या बियांची चटणी करतात. बस, एवढंच. हे तडक उठून चौकीवर गेले.

चटणी त्यांनी स्वतः पाट्यावर वाटली, लिंबू पिळून. त्या दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो, तर गणूभाऊ पायरीवर उभे. त्यांनी हात आडवा धरला.

"थांब. आत्ता आत नको जाऊ."

आत हेमा फोनवर आईशी बोलत होती, आपल्या पहाडी बोलीत, भराभर, मधेच हसत. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हणत्ये, कळतंय?"

"अक्षर नाय," ते हळूच म्हणाले. "पण तुझी काकी गेल्यापासून ह्या घरात एवढं कोण बोललं नव्हतं रे."