टेंभराचा नर

वच्छलाबाईंनी अख्ख्या गावाला आधीच सांगून ठेवलं होतं. आपण शहरातल्या त्या मोठ्या बागेत जाणार, दिवसभर झाडाखाली बसणार, आणि झाडाखालचं काहीएक वेचणार नाही! पन्नास वर्षं मोहफुलं, तेंदूची टेंभरं, चारोळी वेचून कंबर मोडलेल्या बाईचा हा पण होता, आणि तो त्यांनी पाळलाही. नवरा लटारू बागभर भटकत राहिला. बाई मात्र पाय पसरून बसल्या, भाकर खाल्ली, मस्त डुलकी काढली आणि उन्हं कलल्यावर उठल्या.

फाटकावर हरिदास नावाच्या चौकीदाराने पिशवी उघडायला लावली. आत शेरभर पिकली टेंभरं निघाली. वाटेत खायला म्हणून बाईंनी ती घरूनच आणली होती. पण हरिदासने ती अशी बाहेर काढली, जणू वाघाची नखंच सापडली! बागेतली फळं तोडायला बंदी आहे, असं तो चारचौघांत म्हणाला. वर, खेड्यातल्या लोकांना सांगूनही कळत नाही, ही पुस्ती जोडली.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"तुह्या बागेत टेंभराचं झाड कुठी आहे, ते मले दाखव."

अख्ख्या बागेत एकच होतं. भोवती तारेचं कुंपण, पुढे पाटी, पाटीवर कुणालाही न वाचता येणारं लांबलचक नाव. आरडाओरडा ऐकून बागेचे साहेबही मागोमाग आले. बाईंनी झाडाकडे एकदा खालून वर पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. याला किती वर्षं झाली, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, बारा. खतपाणी सगळं वेळेवर, पण मेलं फळच धरत नाही, हेही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"धरन कसं, साहेब? नर आहे हा. टेंभरात नर वेगळा अन मादी वेगळी. याले जन्मात फळ येत नाई, अन मी याचीच टेंभरं चोरली म्हनता!"

साहेब हरिदासकडे पाहू लागले, हरिदास झाडाकडे. मग साहेबांनी रीतसर माफी मागितली. पण बाई कसल्या थांबतात! फाटकापर्यंत त्या हरिदासला सुनावत गेल्या, की आमच्या घरच्या माणसानं आजवर दुसऱ्याच्या झाडाचं पानही तोडलेलं नाही. हरिदासने खाली मान घालून फाटक उघडलं. लटारू खांद्यावरचा दुपट्टा सावरत भराभर बाहेर पडला.

रस्त्याला लागल्यावर त्याने इकडेतिकडे पाहत खांद्यावरच्या दुपट्ट्याची गाठ सोडली. आत ओल्या मातीत गुंडाळलेली जास्वंदीची फांदी होती.

"लय फुलं होती तिले," तो पुटपुटला.

बाईंनी एकवार मागे फाटकाकडे पाहिलं, फांदी घेतली आणि टेंभरांच्या खाली नीट दडवली.

"एकच काऊन आनली?" त्या फणकारल्या. "नाई जगली मंग?"