निवृत्तीअण्णांचे कान

निवृत्तीअण्णा दिवसातून तीन वेळा कान कोरायचे, आणि तेही तांब्याच्या तारेनं. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे तारेला तोटा नव्हता. जळालेल्या मोटारीत नवी तार भरता भरता ते एक तुकडा तोडायचे, टोकाला बारीक आकडा करायचे आणि डोळे मिटून कानात फिरवायचे. "कचरा हाय, निघंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोटारीलाही तेच आणि कानालाही तेच.

कोल्हारला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान आणि माझं शिवणकामाचं दुकान शेजारी-शेजारी. मध्ये फक्त पत्रा. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी पुणतांब्याला सासरी.

कोरून कोरून त्यांना कमी ऐकू यायला लागलं. कमी आलं की ते जास्त कोरायचे, वर कोमट तेल सोडायचे. गिऱ्हाइकानं "अण्णा, मोटार झाली का?" विचारलं, की अण्णा म्हणायचे, "व्हय, आत्ताच झालं जेवन."

मला ही मोठी करमणूक होती. ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांना मी त्यांची नक्कल करून दाखवायचे. मान वाकडी, डोळे मिटलेले, हातात सुई. "कचरा हाय, निघंल." अण्णा बाहेर उभे असले तरी मी फक्त पाठ फिरवायचे, आवाज कमी करायचे नाही. बायका हसायच्या. त्यांना बघून अण्णाही हसायचे.

एक दिवस आंघोळीनंतर त्यांचे दोन्ही कान गच्च झाले. तोंड पाडून माझ्याकडे आले. "ताई, श्रीरामपूरला कानाच्या डाक्टरकडं जायचंय. डाक्टर काय बोलंल ते मला कळनार न्हाई. तुमी येता का संगं?"

लग्नसराई होती. मी कापडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "बरं, बरं," म्हणून ते एकटेच एसटीत बसले. खरं सांगायचं तर ढीग हे निमित्त होतं. दवाखान्यात चारचौघांत त्यांच्या कानाशी ओरडत बसायची मला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

त्यानंतर काय झालं, हे मी विचारलंही नाही. आठ दिवसांनी दुपारी एका बाईपुढे माझी नक्कल रंगात आली होती. भर म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "बायको हाका मारून मारून दमली, म्हणून गेली बिचारी."

बाई हसली नाही. ती माझ्या मागे बघत होती. अण्णा दारात उभे होते, दोन्ही हातांत चहाचे कप.

"दोनी कान मोकळे झाले, ताई," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते. "डाक्टरनी पाच दिवस थेंब टाकायला दिले. मळ मऊ झाल्यावर मशिनीनं वढून काढला. म्हनले, मळ आपला आपन भाईर येतो, तुमीच तारेनं आत ठोकून बसवलाय. आता तार न्हाई, कापसाची काडी न्हाई, तेल बी न्हाई. आजून जोर केला आसता तर पडदा फाटला आसता."

बाई पिशवी उचलून निघून गेली. मला मान वर करवेना.

"तुमी काय बोलायच्या ते मला कळायचं न्हाई," अण्णा स्टुलावर बसत म्हणाले. "पन बायका हसायच्या. मला वाटायचं, मंडळी खुशीत हायेत. मग मी बी हसून घ्यायचो. घरी कोन हाय हसायला?"

"माफ करा," मी पुटपुटले. इतकं हळू, की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"माफी कशाची?" अण्णांनी एक कप माझ्या मशिनीवर ठेवला. "डाव्या कानानं आजून जरा कमी येतंय बघा. मगाशी तुमी त्या बाईला काय सांगत हुता, ते काय कळलं न्हाई मला."

पुटपुटलेलं ऐकू येतं आणि मोठ्यानं बोललेलं येत नाही, असा कान कुठला, हे त्यांना विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.